अंगणात उतू गेलेलं दूध

डोंगराच्या कुशीत निळगव्हाण नावाचं एक चिमुकलं, बाजाराचं गाव होतं. गावाच्या टोकाला पत्र्याचं खोपटं, आणि त्यात शेवू आणि तिची आई द्वारका. पाऊस आला की घरभर पातेली मांडायची, ऊन तापलं की झाडाखाली जाऊन बसायचं. आई रंगीबेरंगी गोधड्या शिवायची, शेवू सुईत दोरा ओवून द्यायची आणि विचारायची, "आई, आपल्याला दार असलेलं घर कधी गं?"

आणि बरं का, असं घर विकायला निघालं! लाल कौलांचं, निळ्या दाराचं, परसात जाईचा मांडव असलेलं. जुनं होतं, पण स्वस्त. गोधड्यांच्या पैशात बसेल इतकं स्वस्त.

स्वस्त का, तर घराचे मालक धोंडूतात्या यांची एक अट होती. "माझी आई सांगून गेली आहे," ते काठी आपटून म्हणायचे, "ज्याचं दूध या घराच्या चुलीवर उतू जाईल, त्यालाच घर द्यायचं." उन्हाळा लागल्यापासून दोन कुटुंबं येऊन गेली, पण चूल काही पेटेना. आता तात्या कंटाळले होते. शेवूच्या आईला त्यांनी बजावलं, "आज दिवस मावळायच्या आत दूध उतू गेलं तर घर तुमचं. नाहीतर उद्या पाडून लाकूड-कौलं विकून टाकतो."

शेजारच्या अनसाकाकू दुधाची किटली घेऊन हजर झाल्या. "बघायला नाही हो आले, दूध द्यायला आले," असं म्हणत त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या. "द्वारके, एक सांगते, हे घर कुणाला लाभत नाही हं!"

आईनं चूल पेटवली. फूऽऽ! विझली. पुन्हा पेटवली. फूऽऽ! पुन्हा विझली.

"सांगितलं नव्हतं मी?" काकू म्हणाल्या.

शेवूला मात्र वर धुराड्यातून बारीक चिवचिव ऐकू आली. आणि चिवचिवीमागून कुणीतरी इवलंसं खोकलं. ती धावत परसात गेली.

जाईच्या मांडवावर अंगठ्याएवढी परी बसली होती. मोरपिशी पंख, पांढऱ्याशुभ्र पाकळ्यांचा झगा, चांदण्यांची माळ. इवलंसं नाक मात्र काजळीनं काळंकुट्ट!

"अगंबाई, तुला लागलं का?" शेवूनं फ्रॉकच्या टोकानं तिचं नाक हळूच पुसलं.

परी खुदकन हसली. "किती दिवसांनी कुणीतरी विचारलं! चूल मीच विझवते गं. धुराड्यात दयाळ पक्ष्याचं घरटं आहे. आधी अंडी होती, आता चार पिल्लं आहेत, गुलाबी-गुलाबी, अजून डोळेही न उघडलेली. धुरानं घुसमटतील बिचारी. पण फुंकर मारून मारून माझा दम संपत आलाय." मग तिनं रुपेरी काडी उचलली. "तू माझं नाक पुसलंस, म्हणून एक इच्छा माग. नियम नीट ऐक. इच्छा एकदाच. दुसऱ्यासाठी मागितलीस तर लगेच खरी होईल. स्वतःसाठी मागितलीस तर चूल पेटेल, पण माझी फुंकर कायमची जाईल."

शेवूच्या डोळ्यांसमोर निळं दार आलं. आईची सुईनं टोचलेली बोटं आली. सूर्य चिंचेच्या शेंड्यावर टेकला होता. वर पिल्लं चिवचिवत होती.

तिनं डोळे गच्च मिटले. "पिल्लं उडून जाईपर्यंत त्या चुलीत विस्तव राहू नये."

रुपेरी काडी झळकली. घरात चूल थंडगार झाली.

शेवू रडत रडत आत आली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं वेडे, घर घालवलंस की!"

आईनं शेवूला पोटाशी धरलं. मग डोळे पुसून म्हणाली, "दुसऱ्यांची पिल्लं गुदमरवून मिळालेल्या घरात मला तरी झोप आली असती का? चल बाळा."

इतक्यात शेवूला अंगणात काहीतरी लुकलुकताना दिसलं. कोपऱ्यातल्या वेलींच्या गचपणात तीन ठिणग्या होत्या, एक सोनेरी, एक जांभळी, एक हिरवी. तिनं वेली बाजूला सारल्या. खाली तीन दगड होते, तोंडाला तोंड लावून बसलेले, धुरानं काळे झालेले.

अंगणात वाट बघत उभ्या असलेल्या धोंडूतात्यांची काठी हातातून गळून पडली.

"ही तर आईची उन्हाळी चूल!" त्यांनी दगडांवरून हात फिरवला. "धुराड्यात पाखरं आली की ती अंगणात स्वयंपाक करायची. इथंच गरम भाकरी खायचो मी. म्हातारा झालो आणि विसरून गेलो बघ."

"तात्या," शेवूनं हळूच विचारलं, "मग ही या घराचीच चूल ना?"

"हीच, पोरी! हीच तर खरी! अगं द्वारका, बघतेस काय? काटक्या आण! सूर्य चालला!"

आता कसली गडबड उडाली म्हणता! तात्या स्वतः वाकून फुंकू लागले, काकूंनी किटली पातेल्यात ओतली, आईनं काटक्या सारल्या. केशरी जाळ उठला. दूध थरथरलं, फुगलं, वर वर आलं. सूर्याची शेवटची किनार डोंगरावर असतानाच ते शुभ्र फेसानं भसकन उतू गेलं!

"गेलं! उतू गेलं!" सगळ्यांत मोठ्यानं अनसाकाकूच ओरडल्या. "मी म्हणतच होते, हे घर द्वारकेलाच लाभणार!"

तात्यांनी निळ्या दाराची किल्ली शेवूच्या ओंजळीत ठेवली.

शेवूनं वर पाहिलं. कौलांवर परी उभी होती, नाक अगदी स्वच्छ. तिनं एक गिरकी घेतली, सोनेरी उजेडाचा फवारा उडाला आणि ती त्या उजेडातच विरून गेली.

त्या उन्हाळ्यात शेवूच्या घरी रोजचा स्वयंपाक अंगणात झाला. आणि एका सकाळी धुराड्यातून चार इवले दयाळ भुर्रकन उडाले, तेव्हा आईनं हसत हसत आतली चूल पेटवली. पहिल्याच काडीला पेटली ती.