शिशाचा पहिला ओत

"दिसायला बरी म्हणून आणली, पण फार ताठ निघाली हो. कुठं वाकायचं नावच नाही. ओताच्या दिवसापर्यंत बघू, नाहीतर जिथून आणली तिथं परत."

हे वाक्य फार फार जुन्या काळी, एका मोठ्या तलावाच्या काठी, एका घराच्या पडवीत बोललं गेलं. बोलली ती घरातली सासू, ऐकलं ते सासऱ्यानं. आणि भिंतीपलीकडे ताक घुसळता घुसळता जिची रवी थांबली, ती त्या घरात नुकतीच लग्न होऊन आलेली सून. वाक्य तिच्यासाठी नव्हतं. पण डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

लहानथोरांनो, आधी या घराचा धंदा सांगते. ते लोक गळ करीत. नुसते वाकड्या सुईचे गळ नव्हेत. त्या तलावात शेवाळ इतकं माजलेलं, की साधा गळ टाकला तर मासा येण्याऐवजी हिरवी दाढी वर येई. म्हणून हे लोक दगडी साच्यात गळ ठेवून त्याच्या डोक्याशी शिसं ओतीत. शिशाच्या वजनानं गळ सरळ तळाला जाई. त्या शिशाच्या डोक्यात एक बारीक भोक ठेवलेलं असे. त्या भोकात रानडुकराच्या राठ केसांचा झुबका लाखेनं बसवायचा, तो गळाच्या टोकापुढं उभा राहून शेवाळ बाजूला सारी. त्या झुबक्याला म्हणत राखण.

सून आली होती डोंगरापलीकडून, कुंभाराच्या घरातून. तिथं मासा म्हणजे माठावर काढायची नक्षी. त्यामुळं तिला पहिल्या दिवसापासून शंभर प्रश्न होते. पण पहिल्याच दिवशी सासूनं भट्टीपाशी उभं करून तिला सांगितलं होतं, "आमच्यात नवी सून पहिल्या ओतापर्यंत नुसती बघते. विचारत नाही. बघून शिकलेलं हातात राहतं, विचारून शिकलेलं तोंडात. वर्षाचा पहिला ओत मात्र तिच्याच हातानं होतो. तो नीट झाला की ती या घरची."

नियम भट्टीपुरता होता. पण नियम मांजरासारखा असतो. एका खोलीत पाळला, तरी घरभर हिंडतो. सुनेनं चुलीपाशी काही विचारलं तर सासू म्हणे, "कळेल हळूहळू." अंगणात विचारलं तर सासरा खाकरे. शेवटी ती गप्प राहू लागली.

आणि आता हे पडवीतलं वाक्य.

फार ताठ निघाली. मी? सून विचार करू लागली. मी कधी ताठ झाले? मान दुखत होती म्हणून परवा जरा सरळ बसले, तेव्हा? की आमसुलाच्या कढीत गूळ घालतात का, असं विचारलं, तेव्हा? तिला काही उलगडेना. एक मात्र उलगडलं. ओताच्या दिवसापर्यंत वाकायचं, नाहीतर माहेरी परत. आणि माहेरी धाकट्या बहिणीची सोयरीक ठरत आलेली. थोरली परत आली म्हटल्यावर धाकटीला कोण नेणार?

तेव्हा ती वाकायला लागली.

सासू म्हणाली, "भाजीत मीठ कमी घाल." ती म्हणाली, "हो." सासरा म्हणाला, "मीठ जरा सढळ असू दे." ती म्हणाली, "हो." भाजी कशी झाली ते विचारू नका. नवऱ्यानं बाजाराला जाताना विचारलं, "बांगड्या हिरव्या आणू की लाल?" ती म्हणाली, "तुम्हाला आवडतील त्या." तो म्हणाला, "मला कुठं घालायच्यात?" तरी ती म्हणाली, "तरी."

गंमत अशी, की ती जितकी वाकली तितकं घर तिच्यावर नाराज होत गेलं. सासू शेजारणीला म्हणाली, "काय सांगू बाई, गोठ्यातली म्हैस परवडली. ती निदान नको असेल तेव्हा शेपटी तरी मारते." हे सुनेनं ऐकलं आणि ती आणखीनच गोंधळली. म्हणजे अजून पुरतं वाकणं होत नाही की काय?

माणसांना विचारायचं नाही. तेव्हा एके दिवशी घाटावर धुणं धुताना तिनं पाणकावळ्याला विचारलं. पंख पसरून तो खुंटावर वाळत बसला होता. त्या काळी पाणकावळे बोलत, पण कामापुरतंच.

"बाबा रे, वाकावं की ताठ राहावं?"

पाणकावळा म्हणाला, "लव्हाळं वाकतं. पुरात वाचतं."

"मग वाकू?"

"उन्हाळ्यात त्याच्याच चटया विणतात."

"मग ताठ राहू?"

"बाभूळ ताठ राहते. तिची होडी करतात."

"अरे, मग मी करू काय?"

"ते तुझ्या घरच्यांना विचार. मला काय माहीत त्यांना चटई हवी की होडी?" असं म्हणून तो पाण्यात बुडाला, आणि वर आला तेव्हा त्याच्या तोंडात मासा होता. तोंडात मासा असलेल्याशी काय बोलणार?

ओताचा दिवस उजाडला. आभाळ भरलेलं होतं. रीतीप्रमाणे सासूनं साचा तलावाच्या पाण्यानं धुतला, हळदकुंकू वाहिलं. एरवी धुतलेला साचा दिवसभर उन्हात तापायचा, मग निखाऱ्यावर शेकायचा, मग त्याला दिव्याची काजळी धरायची. शिशाला पाण्याचं वावडं. साच्यात ओल राहिली तर तापलेलं शिसं आत टिकत नाही, उसळून बाहेर येतं. हे त्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी ऊन नव्हतं, आणि कढईतलं शिसं वेळेआधीच वितळून पाऱ्यासारखं हलायला लागलं.

"आटपा गं, मुहूर्त टळतोय," सासरा म्हणाला. ओतापूर्वी भट्टीपाशी बोललेलं हे शेवटचं वाक्य. पुढं सगळं खुणेनं.

सासूनं साचा पुसला, घाईघाईनं काजळी धरली, गळ आत ठेवला. राखणीचं भोक राहावं म्हणून साच्याच्या खाचेत एक बारीक सळई बसवतात, ती बसवली. मग दोन्ही दगड एकमेकांवर आणून चिमट्यात आवळून धरले. नवऱ्यानं कढईतली मळी काढली आणि भरलेली पळी बायकोच्या हातात दिली.

दगड मिटण्यापूर्वी सुनेला दिसलं होतं. सळईच्या खाचेत काजळीखाली काहीतरी चमकलं. टाचणीच्या डोक्याएवढं. पाणी?

ती कुंभाराची लेक. ओलं मडकं भाजायच्या आव्यात काय करतं, ते तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. रात्री आव्यातून आवाज आला की बाप झोपेतच म्हणे, "गेलं एक ओलं."

पण हे लोक पिढ्यान् पिढ्यांचे ओतारी. त्यांना दिसलं नसेल? की एवढीशी ओल चालते? की ही आपली परीक्षाच आहे, सून तोंड उघडते का ते बघायची? थांबा म्हटलं तर ताठ. ओतलं तर... तिनं सासूकडं बघितलं. सासूनं भुवया उंचावल्या. ओत. नवऱ्याकडं बघितलं. त्यानं मान हलवली. ओत. पळीतलं शिसं निवत चाललं होतं, त्यावर साय धरायला लागली होती.

ती वाकली. तिनं ओतलं.

'फट्ट' असा आवाज झाला. शिसं साच्याच्या तोंडातून उलटं उसळलं, आणि सासूच्या मनगटावर पडलं.

सासू किंचाळली. साचा खाली पडून एक दगड दुभंगला. नवरा धावत जाऊन कोरफड घेऊन आला, सासऱ्यानं तिच्या हातावर पाण्याची घागर ओतली. सुनेच्या हातात रिकामी पळी तशीच होती.

सासऱ्यानं फुटका साचा उचलून खाच बघितली. "ओल राहिली होती," तो म्हणाला. मग त्याला काहीतरी वाटलं, आणि त्यानं सुनेकडं बघितलं. "तुला दिसली होती का गं?"

तिनं होय म्हणून मान हलवली.

"दिसली होती?" सासू कळ विसरून ओरडली. "मग जीभ काय माहेरी ठेवून आलीस?"

"भट्टीपाशी विचारायचं नव्हतं ना."

"अगं, घर पेटलं तरी बोलायचं नाही, असं म्हटलं होतं का मी?"

"आणि मला वाकायचं होतं."

"कुणापुढं?"

"सगळ्यांपुढं. मी ताठ निघाले ना? ओताच्या दिवसापर्यंत वाकले नाही तर जिथून आणली तिथं परत, असं तुम्हीच पडवीत मामंजींना म्हणालात. मी ऐकलं."

सासूनं सासऱ्याकडं बघितलं. सासऱ्यानं सासूकडं. मग सासऱ्याच्या मिशा हलायला लागल्या.

"अगं वेडे, ती राखण! यंदा नव्या शिकाऱ्याकडून रानडुकराचे केस घेतले ना, त्यांची राखण फार ताठ निघाली. राखणीनं शेवाळापुढं टिकायचं आणि माशानं तोंड लावलं की वाकायचं, तेव्हाच गळ लागतो. ही मेली माशापुढंसुद्धा खांबासारखी उभी! परवाच सगळे केस परत करून आलो."

"म्हणजे," नवरा म्हणाला, "डुकराच्या केसांची शिक्षा इतके दिवस तू भोगत होतीस? तरीच त्या बांगड्या!"

आणि सगळे हसायला लागले. सासू तर एका हातानं दुसरा हात धरून, कळवळत कळवळत हसली.

सासूचं ते मनगट पुढं हंगामभर साच्याला लागलं नाही. नवा दगड कोरून होईपर्यंत घरात ओत झाला नाही, आणि तलावावरच्या होड्या जुन्याच गळांनी शेवाळ उपसत राहिल्या. पण हे नंतर. त्या वेळी भट्टीपाशी नुसतं हसू चाललं होतं, आणि न हसणारी एकटी सून होती.

सासूनं पदरानं डोळे पुसले. "किती गं खुळी तू! एवढं मनात होतं, तर एकदा तोंड उघडून विचारायचंस की!"

सुनेनं पळी खाली ठेवली. कुणी तिला बोल म्हटलं नव्हतं, तरी त्या घरात ती पहिल्यांदा न अडखळता बोलली. हसणं थांबलं.

"सासूबाई, ज्या घरात विचारायची मुभा नसते, तिथं गळाबद्दलचं बोलणंसुद्धा माणसाच्या गळ्याशी येतं."