उटण्यातले निळे दाणे

ही गोष्ट काही फार पूर्वीची नाही. एका तळ्याकाठच्या गावात केसराक्का नावाची एक उटणं करणारी बाई राहत होती. मसुराची डाळ, उन्हात वाळवलेली संत्र्याची साल, आंबेहळद आणि नागरमोथा ती उखळात कुटायची, चाळायची आणि पुड्या बांधून विकायची. गावातल्या बायका ते अंगाला चोळून तळ्याच्या घाटावर आंघोळ करायच्या. अंगावरून निघालेलं पीठ पाण्यात उतरलं की बारीक मासे त्यांच्या पायांशी गोळा व्हायचे आणि ते टिपायचे. त्या माशांवर मोठे मासे जगायचे, आणि मोठ्या माशांवर भोयांची चार घरं.

त्यातल्याच एका घरातली मैना केसराक्काची जिवाभावाची मैत्रीण. वयाने थोडी लहान, म्हणून तिला अक्का म्हणायची.

केसराक्काचं वय होत चाललं. मुसळ चार वेळा उचललं की खांदा भरून यायचा. गावातल्या सुनाही आता शहरातल्या चकचकीत स्क्रबच्या गोष्टी करू लागल्या होत्या. अशात एक व्यापारी तिच्या दारी आला. त्याच्या पिशवीत खसखशीएवढे गोल गोल दाणे होते, निळे आणि गुलाबी. त्याने तिला समजावलं, की हे दाणे साबणाच्या लगद्यात मिसळायचे की झालं काम. कुटायला नको, चाळायला नको, कीड लागायची भीती नाही.

केसराक्काने विचारलं, "हे कशाचे आहेत?"

"प्लॅस्टिकचे. अंगाला टोचतसुद्धा नाहीत."

"आणि पाण्यात गेल्यावर?"

व्यापारी हसला. "पाण्यात गेल्यावर ते पाण्याचं झालं. तुम्ही कशाला काळजी करता?"

तो दाण्यांची एक पिशवी ठेवून गेल्यावर केसराक्काने चिमूटभर दाणे वाटीतल्या पाण्यात टाकून पाहिले. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं. दाणे होते तसेच होते. बोटाने चुरडले, तरी मोडेनात. ती बराच वेळ त्या वाटीकडे बघत बसली. मग तिने वाटी मोरीत उपडी केली, आणि याबद्दल कुणाशी काही बोलली नाही.

त्या दाण्यांचं नवं उटणं तिने विकायला काढलं, आणि बायकांना ते फार आवडलं. घाटाच्या पाण्यावर निळे-गुलाबी ठिपके तरंगायला लागले. मासे नेहमीसारखेच आले. इतकी वर्षं या पायांशी त्यांना खायलाच मिळालं होतं, त्यांनी का संशय घ्यावा? त्यांनी ते दाणे टिपले.

काही महिन्यांनी भोयांच्या जाळ्यात हलके मासे येऊ लागले. डोकं मोठं आणि अंग वाळलेलं. मग एका सकाळी घाटाच्या पायऱ्यांशी मेलेले मासे तरंगताना दिसले. कुणी म्हणालं रोग पडला, कुणी म्हणालं पाणी आटलं. केसराक्का त्या दिवशी घराबाहेर पडली नाही.

दुपारी मैना आली. हातातल्या टोपलीत चिरलेला एक मासा होता. तिने तो केसराक्कापुढे ठेवला. त्याच्या पोटात निळे-गुलाबी दाणे गच्च भरले होते.

"अक्का, यांची पोटं भरलेली आहेत," मैना म्हणाली, "आणि तरी हे उपाशी मेलेत. हे तुझ्या उटण्यातलं आहे. तुला माहीत नसणार, म्हणून दाखवायला आणलं."

नाही म्हणणं सोपं होतं. केसराक्काच्या तोंडाशी आलंही होतं.

"मला माहीत होतं, मैने," ती म्हणाली. "मी वाटीत टाकून पाहिलं होतं."

मैना रागावली नाही, रडली नाही. टोपली उचलून निघून गेली.

केसराक्काने उरलेले दाणे पिशवीत बांधून माळ्यावर टाकले. धोतराचं जुनं पान घेऊन ती रोज कमरेएवढ्या पाण्यात उतरायची आणि पाणी गाळायची. मूठभर दाणे निघायचे. पण तळं केवढं आणि तिची मूठ केवढी! जे गाळात बसले होते, ते तर हातालाही लागत नव्हते.

पुढच्या मोसमात भोयांची चारही घरं दुसऱ्या तळ्याकडे निघाली. मैनाची बैलगाडी केसराक्काच्या दारावरून गेली. केसराक्का उंबऱ्यात उभी होती. मैनाने तिच्याकडे पाहिलं, पण गाडी थांबवली नाही.

तेव्हापासून केसराक्का आजूबाजूच्या गावांच्या बाजारात जाऊ लागली. उटणं करणाऱ्या बायकांपाशी बसायची आणि झालेलं सगळं सांगायची. तो व्यापारी फसवून गेला, असं ती कधी म्हणाली नाही. मला कळलं होतं आणि तरी मी केलं, एवढंच सांगायची. काही जणी ऐकायच्या, काही तोंड फिरवायच्या.

एका बाजारात एका तरुण बाईने नुकतेच तसले दाणे घेतले होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "आता तुमच्या तळ्यात मासे आहेत का, आजी?"

"नाहीत," केसराक्का म्हणाली.

ती बाई दाण्यांच्या पिशवीचं तोंड घट्ट बांधून व्यापाऱ्याला परत द्यायला उठली.

तात्पर्य: आपल्या अंगावरून धुऊन गेलेलं कुणाच्या तरी पोटात जातं. कळत असून केलेली चूक पुढे थांबवता येते, पण जे गेलं ते परत आणता येत नाही.