वाटेत विरलेले थेंब

ढग बोलत असत तेव्हाची गोष्ट. दुपार रोजच्यासारखीच होती. उंच उडणाऱ्या पाकोळीने येऊन काळ्या ढगाला सांगितले, "तळं आटलं. मासे चिखलात तडफडताहेत."

ढगाने लगेच थेंब सोडले. पण खालची हवा इतकी कोरडी होती, की ते अर्ध्या वाटेतच विरून गेले.

वरचा पिसासारखा पांढरा ढग हसला. "दादा, पोरं वाया घालवतोस. माझ्यासारखा नुसता मिरव की."

"विरताना ती हवा ओली, गार करून जातात," काळा ढग म्हणाला. "म्हणून तर मागून येणारी खाली पोचतील."

तो थेंब सोडतच राहिला. दिवस कलता कलता तळ्यात एक थेंब टपकला. मग सरीवर सरी आल्या आणि मासे पोहू लागले.

पुढे गेलेल्या थेंबांना निरोप द्यायचा मात्र घाईत राहूनच गेला.