अर्ध्या वादळातली मेजवानी

खाडीकाठच्या एका जंगलात एक खेकडा राहत असे, आणि त्याच्या तिरक्या चालीला हसल्याशिवाय तिथल्या वानराचा दिवस जात नसे. जवळच एका जुन्या फणसाच्या ढोलीत एक खार राहत असे. तिला तीन पिल्ले होती, अजून डोळेही न उघडलेली. ढोलीचे तोंड उत्तरेला होते. त्याच खोडाला दक्षिणेच्या बाजूने आणखी एक ढोली होती, पण ती रिकामी पडलेली असे.

एके सकाळी समुद्रावरून चक्रीवादळ आले. तसा वारा, मुलांनो, त्या जंगलाने कधी पाहिला नव्हता. तो दक्षिणेकडून सुटला आणि दुपारपर्यंत सुटलेलाच राहिला. नारळ धपाधप पडले, आंब्यांचा सडा झाला, वानराची लाडकी फांदी मोडून खाडीत गेली. खेकड्याने बिळाला चिखलाचे झाकण लावून घेतले होते. खारीच्या ढोलीचे तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला होते, म्हणून पिल्ले कोरडी राहिली.

दुपारी वारा एकदम थांबला. पान हलेना. वर निळे आभाळ दिसले, ऊन पडले. वानराने खाली उडी मारून एक नारळ काखेत घेतला. "संपलं वादळ! या सगळे, आज मेजवानी." बगळे आले, ससे आले, नाच सुरू झाला. खारही निघाली होती, तेवढ्यात बिळाचे झाकण जरासे उचलले गेले आणि खेकड्याचे दोन डोळे बाहेर आले.

"खारूताई, आधी पिल्लं मागच्या ढोलीत ने," खेकडा म्हणाला. "अर्धंच वादळ झालंय. आता वारा उत्तरेकडून येईल."

"ऐका याचं. स्वतःला सरळ चालता येत नाही आणि वाऱ्याला वाट दाखवतोय," वानर म्हणाले.

खेकडा रागावला नाही. त्याला सवय होती. "ओहोटीला खाडीत भोवरा होतो, तो मी रोज बघतो," तो खारीला म्हणाला. "पाणी गरगर फिरतं, पण मधोमध सगळं शांत असतं. चक्रीवादळ म्हणजे हवेचा भोवराच. आत्ता त्याचा मध्य आपल्या डोक्यावर आहे. तो पुढे सरकला की दुसरी कड येणार, आणि त्या कडेचा वारा उलट्या दिशेने वाहतो."

खारीने वर पाहिले. निळ्या आभाळाभोवती चहूबाजूंनी ढगांची भिंत उभी होती. एकेक पिल्लू तोंडात धरून ती मागच्या ढोलीत नेऊ लागली. तिसरे पिल्लू आत ठेवले आणि उत्तरेकडून वारा घोंघावत आला. जुन्या ढोलीत पावसाचे लोट घुसले आणि गवताचा बिछाना वाहून गेला. नाचणाऱ्यांची तर दाणादाण उडाली. वानराचा नारळ गेला, ऐट गेली, आणि ते फणसाला मिठी मारून ओरडू लागले. "अरे, इकडे ये, मागच्या बाजूला," खारीने हाक दिली. तिने बोलावलेले पाहून ससेही खोडाच्या आडोशाला आले आणि सगळे एकमेकांना चिकटून बसले.

संध्याकाळी वारा हळूहळू ओसरला. खारीने पिल्ले मोजली. तीनही होती, आणि तीनही गाढ झोपली होती. तिला इतका आनंद झाला की ती खोडावरून चार वेळा वर-खाली पळाली. वानर मात्र खेकड्याच्या बिळाशी जाऊन अदबीने बसले.

"खेकडेदादा, आता नाचू का?"

खेकडा बाहेर आला. त्याने डोळे चारी दिशांना फिरवले. "आता वारा दोन्हीकडून येऊन गेला. नाच."

"मग पुढे तुम्ही व्हा," वानर म्हणाले. खेकडा पुढे झाला, त्याच्यामागे सगळे जंगल तिरके तिरके नाचले, आणि सगळ्यांत तिरके वानर नाचले.

तात्पर्य : संकट मध्येच थांबले म्हणजे संपले असे नाही, ते पुरते ओळखणाऱ्याचे ऐकावे, मग तो कसा का चालेना.