दोघांची पेटी

"...आणि समजा, आजच सगळं सोडलं, तर मन साधारण किती दिवसांत शांत होतं?"

विचारणारे प्रभाकर गुळवणी. निवृत्त इंजिनियर, वय सदुसष्ट. टेकडी चढून आल्यामुळे धाप लागली होती, तरी मुद्देसूद विचारायची सवय सुटली नव्हती.

मठाच्या ओट्यावर सोनगीरबुवा उन्हाला बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. ऐंशी ओलांडलेले, अंगावर विटकी कफनी.

"काय सोडायचंय?"

गुळवणींनी बरोबर आणलेली पत्र्याची पेटी पुढे सरकवली.

"घड्याळं एकेचाळीस. घडीचे चाकू सव्वीस. व्हिस्कीच्या बाटल्या घरी आहेत, त्या इथं आणणं बरं दिसलं नसतं. चाळीस वर्षांचा नाद आहे, बुवा. आता हा मोह नको. पेटी तुमच्या पायाशी ठेवतो आणि मोकळा होतो."

"मला एकेचाळीस घड्याळं कशाला? भूक लागली की मला वाजले किती ते कळतं."

गुळवणी हसले नाहीत. ते घरून ठरवून आले होते.

"बरं," बुवा म्हणाले, "ठेवायच्या आधी दाखवा तरी."

गुळवणींनी पेटी उघडली. आत मखमलीचे कप्पे. प्रत्येक वस्तू मऊ फडक्यात.

"हे रेल्वेच्या गार्डाचं, खिशातलं. बंदच मिळालं होतं. मी आणि कुडाळकरनं सगळा पावसाळा खर्च केला, तेव्हा चालू झालं."

त्यांनी किल्ली दिली. कानाशी धरलं. मग न राहवून बुवांच्या कानाशी धरलं.

बुवांनी डोळे मिटले.

"पाखरू आहे आत."

"कुडाळकरही अगदी असंच..." गुळवणी थांबले. दुसरं घड्याळ काढलं. "हे मुंबईच्या एका पारसी आजोबांचं. कुडाळकर तेव्हा बोटीवर होता, रजेवर आला की आम्ही चोरबाजार पालथा घालायचो. आणि हे... याचा काटा जरा मागं राहतो. कुडाळकर म्हणायचा, राहू दे, त्याचा स्वभाव आहे तो."

ऊन ओट्यावरून सरकलं. गुळवणींचा आवाज बदलला होता. चढण चढून आलेला माणूस कुठं गेला, त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

बुवांनी एक चाकू उचलला. सांबरशिंगाची मूठ, दोन पाती. शेजारच्या टोपलीतून पेरू घेतला आणि सरळ कापला.

"अहो बुवा!"

"काय झालं?"

"तो... वापरायचा नाही. त्यानं आजवर काही कापलेलं नाही."

"धार मात्र सुरेख आहे. कुणी लावली?"

"कुडाळकरनं. धार त्याचं खातं, किल्ल्या माझं."

बुवांनी पेरूची फोड पुढे केली. गुळवणींनी ती घेतली, खाल्ली नाही.

"हे नाव बऱ्याचदा आलं. कुठं असतात ते?"

"गावातच. माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे."

"बरे आहेत?"

"श्रावणात झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं."

"भेटता ना?"

गुळवणी हातातल्या फोडीकडे बघत राहिले.

"एकदा गेलो होतो, दवाखान्यात. मला बघून काहीतरी सांगू लागला. जीव तोडून सांगत होता. मला काही म्हणजे काही कळलं नाही. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, बुवा. त्याचं अर्धं वाक्य मी पुरं करायचो... त्यानंतर गेलो नाही. चार महिने झाले."

बुवांनी चाकू कफनीला पुसला, पातं मिटलं, हलक्या हातानं फडक्यात गुंडाळला. पेटीत ठेवला आणि झाकण लावलं.

"ही मला घेता येणार नाही."

"का?"

"पेटी दोघांची दिसतेय. एकट्यानं कशी सोडाल? त्यांना विचारून या."

"त्याला बोलता येत नाही, बुवा!"

"मग थोडं जास्त वेळ बसावं लागेल."

तीन आठवड्यांनी गुळवणी पुन्हा आले. हात मोकळे होते.

"विचारलंत?" बुवा म्हणाले.

"विचारलं." ते ओट्यावर टेकले. "पहिल्या दिवशी दारातून परत फिरणार होतो. वहिनींनी दार उघडलं. इतके दिवस कुठं होतात, असं विचारतील वाटलं. त्यांनी नुसती पलंगाशी खुर्ची ठेवली."

"मग?"

"गार्डाचं घड्याळ त्याच्या डाव्या हातात दिलं. किती तरी वेळ खटपट केली त्यानं. मी मदत करायला गेलो तर हात झटकला माझा. शेवटी किल्ली दिलीच. आणि..." गुळवणींनी चष्मा काढला. "आणि आधी माझ्या कानाशी धरलं. मग स्वतःच्या."

गुळवणींनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"परवा एक ठेवणीतली बाटली फोडली. डॉक्टरांची मनाई आहे, म्हणून त्याला नुसतं बूच हुंगायला दिलं. त्याची डावी भुवई वर गेली. मी आणलेल्या प्रत्येक बाटलीला त्यानं तीच भुवई वर केली आहे, बुवा. म्हणजे, गुळवण्या, फसलास! आम्ही इतके हसलो... मी पूर्ण, तो अर्ध्या तोंडानं. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या."

"आणि सोडायचं विचारलंत, त्याचं काय?"

"काल विचारलं. म्हटलं, देऊन टाकू का सगळं? त्यानं माझं मनगट धरलं, ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही."

"पेटी?"

"त्याच्या पलंगाखाली."

वाऱ्याची झुळूक आली. मार्गशीर्षातली थंडी, दुपारीही बोचत होती. बुवांनी कफनी सावरली.

गुळवणी ओट्यावरून उतरून खाली जमिनीवर बसले.

"बुवा, सोडायला आलो होतो आणि भलतंच घेऊन गेलो. आता मला शिष्य करून घ्या. आजची दुपार मी कुठंही जाणार नाही. इथंच बसेन, तुमचे पाय चेपेन."

त्यांनी हात पुढे केले.

बुवांनी दोन्ही पाय कफनीखाली ओढून घेतले.

"माझे गरम आहेत रे... जा, त्याचा उजवा बघ. गार पडला असेल."