दाढेतला किडा

डोंगराच्या पायथ्याशी मोहाची दाट झाडी होती. तिथे एक अस्वल राहत असे. मध खावा, मोहाची फुले चघळावीत आणि चूळही न भरता लोळावे, हा त्याचा नेम. जवळच्या वठलेल्या झाडावरचा सुतारपक्षी साऱ्या प्राण्यांचे दात तपासून साफ करी. तो येता-जाता म्हणे, "दादा, एकदा आ करा. बघू तरी द्या." अस्वल हसे. "दुखतंय कुठं? दुखेल तेव्हा येईन, सुतारबुवा!"

आणि एके दिवशी दाढ ठणकू लागली. गाल फुगला. पुढ्यातले मधाचे पोळेही खाववेना. पण सुतारपक्ष्याची ती टोकदार चोच आठवली की अस्वल अर्ध्या वाटेवरून मागे फिरे. तेवढ्यात कोल्हा आला. "चोच कशाला टोचून घेतोस? दाढेत किडा आहे. धुरी दिली की पडेल." त्याने निखाऱ्यावर काटेरी रिंगणीच्या झुडपाच्या बिया टाकल्या, तोंडाखाली पान धरले, आणि खरेच, पानावर पांढरा किडा वळवळला! अस्वलाने आनंदाने ते पोळे कोल्ह्याला देऊन टाकले.

चार दिवसांत ठणका दुप्पट झाला. अस्वल कण्हत सुतारपक्ष्याकडे गेले. "किडा तर निघाला," असे म्हणत त्याने किड्यासकट जपून ठेवलेले पान पुढे केले. सुतारपक्षी संतापला. "जन्मभर किडे खातोय मी! हा उंबरातला आहे. दाढेत किडा नसतोच, दादा. न धुतलेल्या तोंडातला गोडवा दात पोखरतो. त्या लबाडाने हा पानाआड लपवून आणला! आणि तुम्ही? वेळेवर आ केला असतात, तर नुसती साफ करून दाढ वाचवली असती. आता काढावीच लागेल." दाढ निघाली. अस्वल रडले, ते दुखण्यापेक्षा रागाने.

दुसऱ्या दिवशी उंबराखाली एक वानर गाल धरून बसले होते आणि कोल्हा निखारा फुंकत होता. अस्वल गरजले, "कोल्ह्या, धुरी राहू दे. आधी पान उलट कर!" कोल्ह्याने पान मागे ओढले. वानराने पान हिसकावले. धुरीआधीच किडा खाली पडला! कोल्हा शेपूट घालून पळाला. अस्वल वानराला म्हणाले, "किडा उंबराचा होता रे, गेलेली दाढ मात्र माझी होती. चल सुतारबुवांकडे. मीही येतो."

"तुझी तर निघाली ना?"

"बाकीच्या आहेत की!"

तात्पर्य : दात दुखण्याची वाट पाहू नये, ते वेळच्या वेळी जाणत्याला दाखवावेत. भोंदूच्या धुरीने दुखणे झाकले जाते, दात वाचत नाही.