आधी गाऱ्हाणं, मग गूळपाणी

मुलांनो, आणि मुलांचं निमित्त करून स्वतःच ऐकत बसलेल्या मोठ्यांनो, ही फार फार जुन्या काळची गोष्ट. इतक्या जुन्या, की तेव्हाच्या राजाचं नाव त्याच्या वंशजांनाही आता सांगता यायचं नाही. नाही तर नाही, आपलं राजाशी काही काम नाही.

त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी ओताऱ्यांचं एक गाव होतं. ओतारी म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे. हे लोक देवळांच्या घंटा करत. लहान घंटा घरी ओतून बैलाच्या पाठीवर टाकता येते, पण मोठी घंटा डोंगर चढवून नेणार कोण? म्हणून ओतारीच देवळापाशी जायचा. तिथं खड्डा खणायचा, मातीचा साचा करायचा, कांसं ओतायचं, घंटा टांगून तिचा नाद पारखायचा आणि मग घराची वाट धरायची. घरी येऊन पाठ टेकतो न टेकतो तोच दुसऱ्या देवळाचा सांगावा यायचा. पुरुष असे वाटेवर आणि बायका घरी, सगळा गाडा एकेकटीनं ओढत.

त्या गावाची एक रीत होती. परगावाहून आलेला पुरुष तडक घरात शिरत नसे. तो उंबऱ्यावर बसायचा. बायको समोर बसायची आणि तो गेल्यापासून काय मोडलं, काय सांडलं, कोण आजारी पडलं, कोण कुणाशी भांडलं, ते सगळं त्याला ऐकवायची. ते ऐकून झालं की मगच त्याच्या हातावर गुळाचा खडा आणि पुढ्यात पाण्याचा तांब्या. 'आधी गाऱ्हाणं, मग गूळपाणी' असं तिथले लोक म्हणत. बाहेरचे लोक हसायचे. दमून आलेल्या माणसाला कुणी असं बसवतं का, म्हणायचे. हसणाऱ्यांचं काय जातं?

याच गावात साळू सून म्हणून आली. तिचा नवरा केरबा हा मोठा गुणी ओतारी. बोलायला कमी, पण कान असा तयार, की घंटेला केसाएवढी चीर असली तरी तो डोळे मिटून सांगायचा.

लग्नानंतर केरबा पहिल्यांदा कामावरून परतला, तेव्हा साळूनं रीतीप्रमाणे त्याला उंबऱ्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. शेळी लांडग्यानं नेली होती. परड्याची भिंत खचली होती. केरबानं मान खाली घालून ऐकलं. त्याच्या हातांवर भाजल्याचे फोड होते आणि धुरानं डोळे लाल झाले होते. रात्री जेवताना त्यानं अर्धी भाकरी तशीच टोपलीत ठेवली, आणि सकाळी उठून भिंतीच्या कामाला लागला.

साळूच्या जिवाला ती अर्धी भाकरी लागून राहिली. एवढा राबून आलेला माणूस, आणि आपण त्याच्या तोंडचा घास काढला, असं तिला वाटलं. भिंत रचताना केरबा शीळ घालत होता, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

पुढच्या खेपेला केरबा उंबऱ्यावर बसायला गेला, तर साळूनं आधीच तांब्या पुढे केला. "आत या. सगळं बरं हाय," ती म्हणाली. केरबा जरा थबकला, मग आत आला. भरल्या पोटानं जेवला. साळूला बरं वाटलं. त्या दिवसापासून तिनं तोच शिरस्ता ठेवला.

शेजारीच तिची थोरली जाऊ राहायची. तिची तऱ्हाच वेगळी. नवरा गल्लीच्या तोंडाशी दिसला की हिचं गाऱ्हाणं सुरू, तो उंबऱ्याशी पोचेपर्यंत ते निम्मं उरकलेलं असायचं, आणि उरलेलं निम्मं ऐकायला सगळी आळी गोळा व्हायची. साळूला त्याची लाज वाटे. पण जाऊ जिभेची तिखट असली तरी मनाची खोटी नव्हती. तिनं एकदा साळूला बाजूला घेतलं.

"अगं, गूळपाणी वाटसरूलाबी देतात," ती म्हणाली. "गाऱ्हाणं घरच्यालाच सांगतात."

साळू हसली. जाऊबाईंच्या गाऱ्हाण्यांनी थोरल्या दिरांचे केस अकाली पिकले, असं तिला वाटत होतं. पण थोरल्या माणसाला तसं कसं म्हणणार?

आणि खरं सांगायचं तर साळूनं घर सांभाळलंही तसंच. छपराचं गवत ती स्वतः बदलायची. गाय अडली तेव्हा तिनं हिमतीनं वासरू सोडवलं. शेजाऱ्यानं बांध सरकवला तर पंचांपुढे उभी राहून तिनं तो पुन्हा मूळ जागी आणवला. गाव म्हणू लागलं, बाई असावी तर साळूसारखी, नवऱ्याला कसली म्हणून झळ लागू देत नाही. कौतुक कुणाला आवडत नाही? साळूलाही आवडू लागलं. सुरुवातीला ती नवऱ्याच्या मायेपोटी लपवायची. पुढे पुढे त्यात थोडी स्वतःची ऐटही मिसळली.

केरबा घरी आला की विचारायचा, काही करायचं राहिलंय का. साळू म्हणायची, काही नाही, तुम्ही पडा जरा. तो उठून दाराची कडी हलवून बघायचा, ती घट्ट. गोठ्यात जायचा, दावणीला नवा खुंटा ठोकलेला. मग तो ओट्यावर येऊन बसायचा आणि हातावर हात चोळायचा. बाकीच्या ओताऱ्यांना घरच्या कामांची ओढ असायची, ते जवळचीच देवळं धरायचे. केरबाला तसली काही ओढ नाही असं पाहून गावातले जाणते लोक लांबची कामं त्याच्याकडे देऊ लागले, आणि तो घेऊ लागला.

त्यांना एक मुलगी होती. येसू तिचं नाव. येसू सात वर्षांची असताना तिला ताप भरला आणि डाव्या कानातून पाणी वाहू लागलं. केरबा तेव्हा घाटापलीकडे होता. साळूनं पोरीला पाठीशी बांधलं, नदी ओलांडली आणि वैद्याचं घर गाठलं. पोर वाचली. पण डावा कान गेला तो गेलाच. वैद्यानं हात टेकले आणि आता या कानानं तिला कधी ऐकू यायचं नाही म्हणून सांगितलं.

साळू घरी येऊन खूप रडली. जाऊनं तिला पोटाशी धरलं आणि केरबा आला की सगळ्यांत आधी हेच सांग म्हणून बजावलं. साळूनं मान डोलावली. पण मग ती विचार करत बसली. ज्या माणसाचं सगळं आयुष्य नादावर चाललंय, त्याला त्याचीच लेक एका कानानं बहिरी झाली हे कुठल्या तोंडानं सांगायचं? थोडी मोठी होऊ दे, मग सांगू, असं तिनं ठरवलं. जावेला कुणापाशी बोलायचं नाही म्हणून शपथ घातली आणि येसूलाही शिकवून ठेवलं, की कानाचं आबांपाशी बोलायचं नाही, त्यांना वाईट वाटेल.

लेकरानं आईचं ऐकलं. पण लेकराला कुणापासून काही लपवायला सांगा, ते त्या माणसापासून स्वतःच लपू लागतं. आबांचं नाव निघालं तरी येसू तिथून उठून जाऊ लागली.

केरबा आला. येताना त्यानं उरल्यासुरल्या कांशातून लेकीसाठी बोराएवढी घंटी ओतून आणली होती. अंगणात येसू सागरगोटे खेळत होती. तो हळूच तिच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला आणि त्यानं घंटी वाजवली. येसूनं वर पाहिलं नाही. त्यानं पुन्हा वाजवली. मग हलक्या आवाजात हाक मारली. येसू आपली खेळतच होती. केरबा घंटी मुठीत धरून घरात निघून आला.

साळू चुलीपुढून उठून दारात आली होती. पिठाचे हात तसेच. तिनं सगळं पाहिलं. शब्द तिच्या ओठांवर आले होते.

"पोर रुसलीय का माझ्यावर?" केरबानं विचारलं.

"छे. खेळात तिला भान ऱ्हात न्हाई," साळू म्हणाली. "वाढू का जेवायला?"

केरबानं हूं म्हटलं. जेवताना भाकरी छान झालीय असंही म्हणाला. मी तेव्हा तिथं असतो तर साळूच्या हातातली परात काढून घेतली असती आणि तिला त्याच्यासमोर बसवलं असतं. पण गोष्ट सांगणाऱ्याला गोष्टीत शिरता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी दूरच्या एका राज्यातून माणूस आला. तिथल्या राजाला सगळ्या देवळांना नव्या घंटा बसवायच्या होत्या. काम वर्षानुवर्षांचं. गावात कुणी तयार होईना. कुणाचं पोर लहान, कुणाची म्हातारी अंथरुणाला, कुणाचं छप्पर अर्धं. केरबा तयार झाला. निघताना तो साळूला म्हणाला, "तुमचं बरं चाललंय. मी असलो काय, नसलो काय."

साळूनं ते वाक्य शाबासकीसारखं ऐकलं. पुढे जन्मभर तिला त्याची लाज वाटत राहिली.

पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती केरबा लुगडी पाठवायचा, खाऊ पाठवायचा. स्वतः आला नाही. त्याच लोकांच्या हाती साळू निरोप धाडायची, की सगळं बरं आहे, काळजी करू नका. येसू वाढत होती. आता तीच छपरावर चढायची, गाय तीच पिळायची. आईसारखीच कामसू निघाली म्हणून गाव तिचंही कौतुक करायचं.

मग एका वर्षी थोरला दीर त्या राज्यात कामाला जाऊन आला. आधी उंबऱ्यावर बसून त्यानं बायकोचं गाऱ्हाणं ऐकलं, त्यातून त्याला सुटका नव्हती. ते उरकल्यावर तो साळूकडे आला. केरबाची तब्येत ठीक आहे म्हणाला. मग घुटमळला. साळूनं खोदून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं.

"म्या म्हटलं, घरी चल. तर म्हणाला, घरी माझ्यावाचून काय अडतंय? पोरगीसुद्धा हाकेला वळून बघत न्हाई."

साळूला अंगणात वाजलेली ती घंटी आठवली. पोरगी वळून का बघत नाही हे जगात ज्याला सांगायला हवं होतं, त्यालाच तिनं सांगितलं नव्हतं. नवऱ्याच्या मनाला जपता जपता तिनं त्याच्या मनात काटा पेरला होता, आणि इतकी वर्षं त्याला पाणीही घातलं होतं.

येसूला जावेपाशी ठेवून ती व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर निघाली. पाय सुजले, वाटेत आजारी पडली, तरी थांबली नाही. केरबा एका देवळामागे भट्टीपाशी भेटला. दाढी पांढरी झाली होती. तिला पाहून तो दचकला, कारण आजवर तिनं त्याला कधी बोलावणंसुद्धा धाडलं नव्हतं. काय झालं, म्हणून त्यानं विचारलं.

साळूनं तिथंच मातीत बसून सगळं सांगितलं. अडलेली गाय, सरकलेला बांध, गळकं छप्पर, एकटीनं काढलेल्या रात्री, आणि येसूचा ताप. सांगता सांगता ती रडत होती. केरबानं मान खाली घालून ऐकलं. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "कान कंचा?"

"डावा."

केरबानं डोळे मिटले. अंगणातली ती सकाळ तो आठवत होता.

"मी डावीकडंच हुभा हुतो," तो म्हणाला.

हातातली घंटा पुरी करून तो साळूबरोबर घरी आला. येसू आता लग्नाची झाली होती. केरबा आठवणीनं तिच्या उजव्या बाजूला बसायचा, उजवीकडून बोलायचा. ती नीट उत्तरं द्यायची, पाण्याचा तांब्या आणून द्यायची, पाट मांडायची. कशातही उणं नव्हतं. केरबा नवी घंटी ओतून देऊ का म्हणाला, तर ती नम्रपणे म्हणाली की आता ती मोठी झाली, घंटीचं काय करणार.

मग एका दुपारी वावटळ उठली आणि छपराचा एक कोपरा उडून गेला. केरबा लगबगीनं उठला. कितीतरी वर्षांनी या घरात त्याच्या हातांना काम मिळालं होतं. परड्यातून त्यानं शिडी आणली, भिंतीला लावली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. इतक्यात येसू आली. तिनं कमरेला पदर खोचला होता आणि खांद्यावर गवताचा भारा घेतला होता.

"ऱ्हाऊ द्या आबा," ती म्हणाली. "आमाला सवय हाय."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मायेनंच म्हणाली ती, हुबेहूब साळूसारखी. केरबानं पाय खाली घेतला. तो ओट्यावर जाऊन बसला आणि लेकीला छपरावर चढताना बघत राहिला.

घरात साळूनं ते ऐकलं आणि पदर तोंडात कोंबला. पोर रागावली असती तर तिची समजूत घालता आली असती. राग नसलेल्या माणसाची समजूत कशी घालायची, हे तिला कळेना. कान एक गेला होता आणि वर्षं सगळी गेली होती, आणि दोन्हींना वैद्य नव्हता.

लहानांनो, मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: आपल्या माणसाला घरच्या दुःखाचा वाटा दिला नाही, तर त्याला घरात जागा उरत नाही.